तलवारवाला उभा आहे

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या मामीला कधी भेटणार नाही — तेवढी खात्री असली की जीभ जरा सैल सुटते.

मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवते. आईचं माहेर अकोल्याचं. मामाचा फुलांचा धंदा. बार्शीटाकळीकडच्या मळ्यातून शेवंती यायची. पवन त्याचा एकुलता एक मुलगा. त्यानं कुठून तरी व्हिडिओ गेमचा जुना डबा मिळवला होता, टीव्हीला जोडून कॅसेट घालायचा. एक तलवारवाला राक्षसांच्या किल्ल्यात उड्या मारत वर चढतो, वाटेत त्याला रुपेरी चिलखत मिळतं. त्या जुन्या खेळात सेव्ह करायची सोयच नाही. डबा बंद केला की पुन्हा पहिल्या पायरीपासून.

पवनला हृदयाच्या ऑपरेशनसाठी नागपूरला नेलं, तेव्हा तलवारवाला शेवटच्या दारापाशी पोचला होता. पवननं त्याला एका निर्धोक कोपऱ्यात उभं केलं, डबा इन्व्हर्टरवर जोडला आणि मला म्हणाला, "ताई, मी आल्यावर दार उघडीन. तोवर त्याले हात लावू नोको."

नुसता उभा असला तरी त्या तलवारवाल्याचा श्वास चालायचा — खांदे वर, खांदे खाली. मामीनं त्याला नवरात्रातल्या अखंड दिव्यासारखं जपलं. रोज आंघोळ करून टीव्ही लावायची, पुढे फूल ठेवायची. "हा उभा हाये तोवर माह्यं पोरगं उभं हाये," म्हणायची. मी तोंडावर हसले नाही. मनात? मनात हसलेच.

मामा पवनजवळ होता, मी मामीच्या सोबतीला. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मामीचा डोळा लागला, आणि मी — काय सांगू? राग नव्हता, हेवा नव्हता. दारापलीकडे काय आहे ते बघायचं होतं, बस. खेळाचा रिमोट उचलला, दार उघडलं. तलवारवाल्यानं आत पाऊल टाकलं आणि अंधारात पडला. शेवटची लाइफ होती ती, हे मी पाहिलंच नव्हतं. घाईघाईनं खेळ पुन्हा सुरू केला, त्याला पहिल्या पायरीवर उभं केलं. अंगावर चिलखत नव्हतं, साधा सदरा. श्वास मात्र तसाच.

मामी उठली. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. "वाळला वाटते," म्हणाली. तिला खेळातलं काही कळत नव्हतं — मग तिला ते दिसलं कसं? मी म्हटलं, कायी बी काय मामी, उनाची तिरीप पडली हाये.

संध्याकाळी पवनचा व्हिडिओ कॉल आला. "दाखव ना त्याले." मामीनं फोन टीव्हीकडे धरला. मग फोन फिरला, मी त्याला दिसले. त्यानं माझ्याकडे पाहिलं — कसं, ते मला आजही सांगता येत नाही.

"तोच हाये, आई," तो म्हणाला. "तू जेवून घे आता."

दुसऱ्या दिवशी तो ऑपरेशनमधून परत आला नाही.

योगायोग आहे, हे मला कळतं. मुलांना मीच शिकवते ते. पण जाताना त्याला ठाऊक होतं, आणि त्यानं मला झाकलं. मी झाकू दिलं. नंतर मामीला सांगायला कुणी अडवलं होतं? कुणीच नाही. मी भ्याले, आणि भ्यालेलीच राहिले.

मामीनं डबा अजून बंद केलेला नाही. मागच्या रविवारी गेले होते. टीव्हीपुढे ताजी शेवंती. खांदे वर, खांदे खाली. पहिल्या पायरीवर, एकही पाऊल न चाललेला.

"काहून वं," मामीनं एकदम विचारलं, "पवननं उभा करून ठेवला होता, तोच हाये ना हा?"

"तोच हाये, मामी," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि पदरानं पडदा पुसायला लागली.