बाहेरचा मणी

फोन शब्बीरभाईंच्या सुनेचा होता. “बाई, अब्बा गेले,” एवढंच म्हणाली. मी बादलीतले कपडे तसेच ठेवून आत आले आणि कपाटावरच्या पेटीकडे पाहिलं. पेटी आठ दिवसांपासून बंद होती. हे त्यांना ठाऊक नव्हतं... मीच सांगितलं नव्हतं.

जुन्नरच्या बाजारात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. मी शाळेत विज्ञान शिकवते. शाळेचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन गेले, तेव्हा बोलता बोलता वर्गात सांगितलेलं त्यांनाही सांगितलं. कर्क राशीत आपल्या सूर्यासारखा एक तारा आहे, त्याचा उजेड इथवर यायला चाळीसेक वर्षं लागतात. त्याच्याभोवती पाच ग्रह सापडलेत. सगळ्यात आतला अठरा तासांच्या आत फेरी मारतो, सगळ्यात बाहेरच्याला चौदा वर्षं लागतात. शब्बीरभाईंनी डोळ्यावरचं भिंग काढलं. “बाई, हे तर घड्याळच हाय की. पाच काट्यांचं.”

पुढची दोन वर्षं ते मोडीतल्या घड्याळांची चाकं जमवत आणि दात मोजत बसले. सायकलच्या घंटीची वाटी म्हणजे तारा, तारेच्या टोकांना लावलेले पाच मणी म्हणजे ग्रह, खाली लाकडी पेटीत सगळी यंत्रं. ते त्यांनी खऱ्या वेगाने चालवलं. आतला मणी सकाळी इथे, तर संध्याकाळी पलीकडे. बाहेरचा हललेला कधी दिसलाच नाही. म्हणून दर संक्रांतीला ते त्याच्यासमोर पेटीच्या कडेवर पेन्सिलीची खूण करत. “ईद सरकती, संक्रांत नाय सरकत,” म्हणायचे.

“चौदा वर्षं कोण बघत बसणार?” मी विचारलं होतं.

“मी बघंन. ऐंशीचा व्हईन तवा. पेढे तुमी आणायचे. पण चावी रोज. बंद पडलं तर ते त्या ताऱ्याचं ऱ्हात नाय बाई, जत्रेतलं खेळणं व्हतं.”

पाच खुणा झाल्या आणि मूत्रपिंडांनी दगा दिला. मुलाला दुकानात मोबाइलची कव्हरं मांडायची होती. त्यात त्याचं काही चुकलं नाही. पुण्याला दवाखान्यात जाण्याआधी शब्बीरभाई चालती पेटी मांडीवर घेऊन रिक्षाने माझ्या घरी आले. दर गतिरोधकाला रिक्षावाल्याला “हळू राव, हळू” करत. दारातूनच पेटी माझ्या हातात दिली. “खिडकीपाशी ठेवा. बाहेरचा उजेडाकडं.” खिडकीपाशी शिलाई मशीन होतं. मी पेटी कपाटावर ठेवली, बाहेरचा मणी भिंतीकडे.

चावी विसरू नये म्हणून मी ती पर्समध्येच ठेवायची. पंधरवडा नीट गेला. मग एका दिवसाच्या कामासाठी घाटातल्या आहुप्याला जावं लागलं. रस्त्यावर दरड आली, एसटी बंद झाली, मी तिथेच अडकले. चावी पर्समध्ये, पर्स माझ्यापाशी. तिसऱ्या दिवशी घरी आले तर पाचही मणी जागच्या जागी.

त्याच आठवड्यात त्यांना भेटायला पुण्याच्या दवाखान्यात गेले. त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता.

“चालू हाय ना?”

“चालू आहे.”

“बाहेरचा उजेडाकडं?”

“हो, खिडकीकडेच.”

“लई झ्याक,” म्हणाले आणि डोळे मिटले. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

आज चावी दिली तर पेटी चालेल. पण बंद पडलेले दिवस भरून कसे काढायचे, हे त्यांच्याच डोक्यात होतं. हाताने मणी ढकलला तर आतले दात तुटतील. जुन्नर, नारायणगाव, मंचर, तीनही ठिकाणी विचारून आले. आता सगळे सेल बदलून देतात, यंत्र उघडणारा कोणी राहिला नाही. दुकानात बसलेल्या घड्याळवाल्याला बंद पडलंय हे मी सरळ सांगितलं असतं. दवाखान्यात खाटेवर पडलेल्या माणसाला नाही सांगता आलं.

परवा शिलाई मशीन आतल्या खोलीत नेलं. पेटी कपाटावरून उतरवून खिडकीपाशी ठेवली आणि मण्याला हात न लावता अख्खी पेटीच फिरवली. बाहेरचा मणी पाचव्या खुणेच्या थोडा पुढे थांबलाय. आता तो उजेडाकडे आहे.