मी हाक मारणार होते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तिथे मी डोळे मिटते आणि भलतंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. इथे दुबईत, करामाला आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये भेटलात तर म्हणाल, किती सरळ बाई आहे. सगळे तसंच म्हणतात. आणि मी ते म्हणू देते.

कुठून सुरुवात करू? गाडीपासून करते. गाडीबद्दल बोलणं सोपं आहे.

आमची एक मोटरहोम होती. आमची, म्हणजे महेशची आणि त्याच्या ऑफिसातल्या नितीनची मिळून. छोट्या ट्रकच्या सांगाड्यावर इथल्याच एका वर्कशॉपवाल्यानं बांधलेली खोली — दोन बंक, ओटा, फ्रिज, आणि मागच्या बाजूला एकच दार. ड्रायव्हरची केबिन वेगळी, तिथून आत यायला वाट नाही. थंड देशांत अशा गाड्या हिवाळ्यात बंद करून ठेवतात म्हणे. इथे सगळं उलटं. हिवाळाभर आम्ही ती समुद्राकाठी, वाळवंटात फिरवायचो आणि ऊन तापायला लागलं की दुबईपासून तासाभरावर, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका यार्डात नेऊन ठेवायचो. पाण्याची टाकी रिकामी करायची, गॅस बंद, बॅटरीची वायर काढायची, फ्रिजच्या दारात फडकं अडकवून ते उघडं ठेवायचं, खिडक्यांना आतून चंदेरी शीट चिकटवायचं, मग वरून जाड कव्हर ओढून दोरीनं करकचून बांधायचं. दाराचं आतलं हँडल केव्हाच तुटलं होतं. महेशनं बाहेरून कडी बसवून घेतली होती. कुलूप लावायचं काम माझं.

त्या वर्षी माझे सासरे आले होते. बाबा. सांगलीच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. सासूबाई गेल्यावर एकटेच राहायचे, स्वतःची भाकरी स्वतः थापायचे, स्कूटरवरून वाचनालयात जायचे, आणि दहावीच्या मुलांना अजून घरी शिकवायचे. व्हिजिट व्हिसावर दोन महिन्यांसाठी आले तेव्हा त्या मोटरहोमवर त्यांचा भलता जीव जडला. तिला ‘विंचवाचं बिऱ्हाड’ म्हणायचे. ऐकायला जरा कमी यायचं, एवढंच. आडवं होताना कानातलं यंत्र काढून ठेवायचे, मग शेजारी ढोल वाजला तरी त्यांना पत्ता नसायचा. पण डोकं? माझी रिया तेव्हा नववीत होती. ती कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत यांचं उत्तर तयार असायचं.

डोक्याचं मुद्दाम सांगतेय. लक्षात ठेवा.

गाडी बंद करायला गेलो त्या दिवशी सकाळपासूनच अंगाची लाही होत होती. महेश गाडीखाली, नितीन आणि त्याची बायको खुर्च्या-टेबलं त्यांच्या गाडीत भरतायत, रिया त्यांच्यातच. आणि बाबा माझ्या मागे मागे. गाठ अशी मारू नकोस, सुटेल. शीट उलटं लावलंयस. हे आधी, ते नंतर. चुकीचं काही सांगत नव्हते, खरं तर. पण मला घाम येत होता, डोकं ठणकत होतं — आणि मला ते समोर नको होते. एवढंच. नको होते.

मी म्हटलं, “बाबा, तुम्ही आत जाऊन जरा पडा बरं. पंखा चालू आहे. इथलं आटपलं की मी हाक मारते.”

“नक्की मारशील ना?” ते हसत म्हणाले. “नाहीतर विंचवाबरोबर राहायचो इथंच.”

आणि ते गेले आत. मी त्यांना चढताना पाहिलं. पायरीवर चप्पल काढायला लागले तर मीच म्हटलं, राहू द्या, घालूनच जा.

मग काय झालं? काहीच झालं नाही हो. तेच तर सांगता येत नाही. मी कव्हर आणायला गेले, फोन आला, महेशनं बॅटरीची वायर काढली आणि पाण्याचं काहीतरी विचारलं. रियाला घेऊन नितीनची गाडी हॉर्न वाजवून पुढे निघाली. मी दारापाशी आले तेव्हा आत अंधार होता. कोपऱ्यातल्या बंकचा पडदा ओढलेला होता. मी दार लावलं, कडी घातली, कुलूप लावलं. महेशनं आणि मी मिळून कव्हर ओढलं, बांधलं.

“बाबा कुठायत?” महेशनं विचारलं.

“नितीनच्या गाडीत,” मी म्हटलं.

असं का म्हटलं? खोटं बोलायचं नव्हतं, शपथेवर सांगते. ते गप्पा मारायला नितीनजवळच बसत, तोंडातून तसं निघालं. त्या क्षणी मला खरंच आठवत नव्हतं. इथपर्यंत जे झालं त्याला तुम्ही चूक म्हणा. माणसाच्या हातून होते तशी.

आम्ही गाडीत एसी लावून निघालो. दुबईच्या अर्ध्या वाटेवर महेशनं नितीनला फोन केला — करक चहाला कुठे थांबायचं, बाबांना विचार म्हणाला. स्पीकरवर नितीनचा आवाज आला, “बाबा तर तुमच्याबरोबर आहेत ना?”

त्यानंतर रस्त्यात काय झालं ते मी थोडं मागे ठेवते. सांगेन. आधी बाकीचं सांगू द्या.

आम्ही गाडी वळवली. महेशनं यार्डाच्या वॉचमनला फोन केला. तो पठाण बिचारा फोन कानाला धरूनच सगळं यार्ड हिंडला. “सब देखा साब, इधर कोई बुजुर्ग नहीं है.” आम्ही पोचलो तेव्हा तो गेटबाहेर रस्त्यावर शोधत होता. शेजारच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कापायचं मशीन करकरत होतं, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नव्हता. महेश ‘बाबा, बाबा’ ओरडत गाड्यांच्या रांगांमधून पळायला लागला. मी सरळ आमच्या गाडीकडे गेले आणि तो जवळ आल्यावर ओरडून म्हटलं, “महेश, एकदा आत बघू या का?”

जणू आत्ताच सुचलं.

दार उघडलं तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी वाफ आली. बाबा दारालगत जमिनीवर पडलेले. सदरा काढलेला, ओठ पांढरे, बोटांची सालं निघालेली. एका खिडकीचं शीट त्यांनी फाडलं होतं, काच थोडी ढकलली होती, पण बाहेरून कव्हर घट्ट आवळलेलं. गाठी त्यांनीच मला शिकवल्या होत्या.

वाचले. हॉस्पिटलमध्ये बरेच दिवस काढले, किडनीला त्रास झाला, पण वाचले.

पहिल्या संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये पोलीस आले. इथे असं काही घडलं की येतातच. अधिकारी तरुण होता, अदबीनं बोलत होता, मला खुर्ची दिली त्यानं. डोळ्यांपुढे काय काय आलं सांगू? जेल. महेशची नोकरी, व्हिसा, रियाची शाळा, विमानतळावर रांगेत उभे आम्ही तिघं. त्यानं विचारलं, ते आत कसे गेले?

मी म्हटलं, मी त्यांना नितीनच्या गाडीत बसायला सांगितलं होतं. मी आत डोकावून पाहिलं होतं, कोणी नव्हतं. मी कव्हर आणायला गेले तेवढ्यात ते न सांगता परत आत गेले असणार.

हे वाक्य मी एका दमात बोलले. बोलल्यावर इतकं खरं वाटलं की मलाच धक्का बसला.

दोन दिवसांनी बाबा नीट बोलायला लागले. पलंगाभोवती आम्ही सगळे. बाबा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “अगं, तू हाक मारणार होतीस ना?”

खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिथे सांगता आलं असतं. अजूनही, तिथेही. मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली आणि म्हटलं, “नाही हो बाबा. मी तुम्हाला नितीनच्या गाडीत बसा म्हटलं होतं. आठवत नाही का?”

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्या बघण्यात. असता तर बरं झालं असतं. फळ्यावरचं गणित चुकलं की माणूस पहिल्या ओळीपासून तपासतो ना, तसं ते तपासत होते — स्वतःला. मग म्हणाले, “असेल. तू म्हणतेस तर असेल तसं.”

पोलिसांनाही त्यांनी तेच सांगितलं. माझीच चूक, मला आठवत नाही. प्रकरण मिटलं. खलास.

रिया एकदाच बोलली. घरी आल्यावर किचनच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “आई, आजोबा इज नॉट कन्फ्यूज्ड. ही रिमेंबर्स एव्हरीथिंग. ही सेज यू टोल्ड हिम.” मी तिच्यावर ओरडले. आजारी माणूस काहीही बोलतो, मोठ्यांच्या गोष्टीत पडू नकोस. ती गेली. पण त्या दिवसापासून ती गप्प बसली की मला भीती वाटते. आज ती युनिव्हर्सिटीत आहे. तिचा फोन आला की आधी मनात येतं — आज विचारणार का? आजवर विचारलेलं नाही. तिला माहीत आहे का? मला कळत नाही.

मग बाबांचं ‘आठवत नाही’ सगळ्या घरानं उचललं. पुण्याहून नणंद म्हणाली, आता एकटं ठेवणं नको. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. या वयात थोडंफार असतंच, म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी दिवसभर डोळ्यांवर झापड. स्कूटर विकली. शिकवण्या बंद. सांगलीचं घर आवरलं आणि बाबांना पुण्याला नणंदेकडे नेलं. तिथे त्यांना एकट्यानं खाली कोपऱ्यापर्यंतही सोडत नव्हते. वाईट वागवायचं म्हणून नाही, काळजीनं. ती काळजी मी पेरली होती.

मी सुट्टीत गेले तेव्हा बाबा जेवून उठले आणि नणंदेला विचारायला लागले, “माझं जेवण झालं ना गं?” हात अजून ओला होता त्यांचा. मी म्हटलं, बाबा, असं का विचारता? तर म्हणाले, “मला तर वाटतंय की झालं. पण माझ्या वाटण्यावर आता काय भरवसा? विचारून घेतलेलं बरं.”

आणि मग मला म्हणाले, “बरं झालं, त्या दिवशी तुला सुचलं. तू होतीस म्हणून मी आहे.”

मी काय केलं? मी मान डोलावली.

आता ते रस्त्याचं. तेच मागे ठेवलं होतं मी. या सगळ्याहून तेच वाईट.

स्पीकरवर नितीन बोलला त्याच क्षणी मला सगळं आठवलं. पायरी, चप्पल, ‘नक्की मारशील ना’ — सगळं, एकदम. महेश गाडी वळवत होता आणि मला माहीत होतं बाबा कुठे आहेत. वॉचमन फोनवर होता. त्याला नुसतं म्हणायचं होतं, कव्हर काप, कुलूप तोड. एक वाक्य. कुलूप तोडायला त्याला किती वेळ लागला असता?

मी बोलले नाही.

महेश स्टिअरिंगवर हात आपटत होता. मी म्हणत होते, चक्कर मारायला गेले असतील, कुठेतरी सावलीत बसले असतील. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून हे म्हणत होते. बाहेर उन्हानं रस्ता पाण्यासारखा हलत होता. मी एकच विचार करत होते — मी त्यांना आत पाठवलं हे कळता कामा नये. आणि अजून एक. हा तर मी स्वतःशीही नीट उच्चारलेला नाही. मधेच कुठेतरी, उम्म अल कुवैनच्या फाट्याच्या आसपास, माझ्या मनात आलं की ते बोलू शकले नाहीत तर कुणालाच कळणार नाही.

आलं असं मनात. आलं आणि गेलं नाही लगेच. बसलं थोडा वेळ.

पोचल्यावर मी कुलपाकडे धावले ते त्यांना वाचवायला की आपण वाचवलं असं दिसावं म्हणून, ते मला आजही माहीत नाही. नातेवाइकांत मात्र मी सासऱ्यांचा जीव वाचवणारी सून आहे.

बाबा गेल्या वर्षी गेले. न्यूमोनिया झाला होता. भेटायला येणारे माझ्याजवळ येऊन सांगत होते, तुझ्यामुळे त्यांना एवढी वर्षं मिळाली गं. नणंद रडत म्हणाली, शेवटी शेवटी त्यांना काही आठवायचं नाही बिचाऱ्यांना, प्रत्येक गोष्ट विचारायचे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्यांना सगळं आठवत होतं. शेवटपर्यंत आठवत होतं. हे मला माहीत होतं, आणि मी त्यांना ते न कळताच जाऊ दिलं.