आतोबांच्या बंदुकीचा गंज

एकही डुक्कर न मारता पारशिवनीच्या पंचक्रोशीत शिकारी म्हणून नाव कमावलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मुलांनो, तुम्हाला ठाऊक असलेल्या बंदुकीत आयती काडतुसं जातात. आतोबांची बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर छर्रे आणि चिंध्या घालून गजाने ठासायचं, मागे घोड्याखाली एक बारीक पोकळ बोंडी असते तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी बोंडीतून आत जाते आणि बार होतो. म्हणजे व्हायला हवा. आतोबांची टोपी फट्‌ करून उडे आणि बंदूक गप्प बसे.

बार झाला नाही तर बंदुकीला लगेच हात लावायचा नाही, आतली दारू उशिरानेही पेटते, हा त्यांचा नियम होता आणि तो अगदी बरोबर होता. फक्त तो वेळ ते विड्याने मोजत. नळी आभाळाकडे करून बंदूक झाडाला टेकवायची, लांब बसून शांतपणे विडा जुळवायचा आणि तो चघळून संपला की तपासणी. तोवर डुकरं ज्वारीची पुढची ओळ आडवी करत. "त्यायलेही ठाऊक झालं हाये," आत्या म्हणायची, "मालकाचा विडा सुरू झाला का आपली पंगत बसते." शेतावरून नागपूरच्या घरी बैलांची दमणी आली की ती यजमानांच्या हाताकडे न बघता ओठांकडे बघे. ओठ लालभडक असले की विचारण्यासारखं काही उरत नसे.

मी तेव्हा त्यांच्याकडे राहून इंग्रजी शाळेत जात होते, त्यामुळे आतोबांची चिकाटी जवळून पाहिली. एका वेळी एकच दोष धरायचा, ही त्यांची पद्धत. दारू दमट असेल म्हणून ती परातीत पसरून अंगणात वाळत घातली आणि दिवसभर चूल पेटू दिली नाही. सगळ्या घराने दही-पोहे खाल्ले. टोप्या सादळल्या असतील म्हणून त्यांची डबी पोटाशी बांधून झोपू लागले, तेव्हा आत्याने आपलं अंथरूण देवघरात हलवलं. घोड्याची कमान सैल असेल म्हणून ती सीताबर्डीहून बदलून आणली. गंमत म्हणजे उन्हाळ्यात एकदा गरम पाण्याने धुतली की पावसाळ्यात हीच बंदूक खणखणीत वाजे. दसरा झाला, ज्वारीत दाणा भरू लागला, की मुकी होई. "थंडीचं पडसं होते तिले," आतोबा गंभीरपणे सांगत.

त्या वर्षी अर्धं वावर डुकरांनी लोळवलं आणि आत्याचा धीर सुटला. हुरड्यासाठी आम्ही शेतावर गेलो होतो. खळ्यात सगळ्यांदेखत ती म्हणाली, "आज बार झाला नाही ना जी, तर बंदूक ठाण्यात जमा करा अन् वावर ठेक्यानं देऊन टाका."

नागपुरात आतोबा नुसते आत्याचे यजमान होते. या वावरात मालक होते, आणि बंदूक त्यांच्या वडिलांची होती.

त्यांनी रिकामी बंदूक घेतली, नळीच्या तोंडासमोर कापसाचं बोंड पिंजून ठेवलं आणि नुसती टोपी उडवली. वाट मोकळी असती तर कापूस उडाला असता. तो हललासुद्धा नाही.

"सुई दे वं, गोधडीची."

घोडा मागे ओढून त्यांनी बोंडीत सुई घातली. आतून लालपिवळा, वाळलेला खडा निघाला. त्यांनी तो बोटावर घेतला, हुंगला आणि आत्याकडे पाहिलं. मलाही एकदम उमगलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खांडेनवमीला, आत्या प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लावायची, तेही पाण्यात कालवून, नेमकं कामाच्या जागी. विळ्याला धारेवर, कुऱ्हाडीला पात्यावर. आणि बंदुकीचं काम सुरू होतं तिथे, बोंडीच्या भोकावर.

मी तोंड उघडणार तोच आतोबांनी खडा धोतराला पुसला.

"गंज होता," ते म्हणाले.

"लाल गंज?" मी म्हटलं.

"गंज लालच राहते, पोरी. इंग्रजी शाळेत शिकवत नाहीत काय?"

संध्याकाळी असा बार झाला की झाडावरचे बगळे उठले आणि डुकरं नाला ओलांडून पार झाली. एकही मेलं नाही, हे सांगायला नकोच. आत्याचा चेहरा उजळला. "माह्या पूजेचं पुण्य हाये ते," ती म्हणाली. "पुढच्या दसऱ्याले दुप्पट लावीन."

"लाव ना वं," आतोबा म्हणाले.

तिने खरोखरच दुप्पट लावलं. मग दरवर्षी खांडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी आतोबा तिच्याकडे सुई मागत, ती "काहून जी, एवढा गंज कसा धरते?" म्हणून कुरकुरत सुई देई, आणि ज्वारी वाचे.

आत्या गेली त्या वर्षी दसऱ्याला मी मुद्दाम नागपूरला गेले. खांडेनवमीला आतोबांनी स्वतः हळदकुंकू कालवलं आणि बोटाने नेमकं बोंडीच्या भोकावर लावलं.

"आतोबा, आता दस्त्यावर लावलं तरी चालेल," मी हळूच म्हटलं.

त्यांनी बोट धोतराला पुसलं.

"मंग उद्या सुई कायले मांगू, पोरी?"