वाचलं असं धरू या

तुमच्या सोसायटीच्या मागच्या वार्षिक सभेत तुम्ही कशाकशाला होकार दिलात, ते आत्ता सांगता येईल का? घाई नाही, आठवून बघा. सामोसा आठवेल. पंखा कोणाच्या खुर्चीकडे वळवला होता ते आठवेल. गच्चीच्या किल्लीवरून कोण कोणाला काय बोललं, तेही आठवेल. होकार आठवणार नाही. मलाही आठवत नव्हता, आणि माझ्या त्या होकारामुळे माझे वडील चार महिने स्वतःच्या पायांनी खाली उतरलेले नाहीत.

आम्ही दिंडोशीला राहतो, तीन विंगच्या सात मजली इमारतीत. आमचं घर बी विंगला दुसऱ्या मजल्यावर. बाबा मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत लागले, आणि गिरणी गेल्यावर जोगेश्वरीच्या एका छोट्या छापखान्यात प्रुफं तपासायला बसले. तिथे पत्रकंच जास्त छापली जायची. संपाची, मोर्चाची, भाडेकरूंच्या सभेची. छपाई बिघडलेले कागद बाबा घरी आणायचे आणि माझ्या वह्यांना त्यांची कव्हरं घालायचे. वर्गातल्या बाकी मुलींच्या वह्यांवर फुलं आणि फुलपाखरं. माझ्या भूगोलाच्या वहीवर 'कामगार बंधूंनो, आता गप्प बसू नका', तेही उलटं छापलेलं. मी वाचायला शिकले ती त्या कव्हरांवर. घरात बाबांचा नियम एकच होता. वाचल्याशिवाय सही करायची नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करतानाही ते बाईंचा शेरा पूर्ण वाचायचे, त्यातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे आणि मगच सही करायचे. बाई माझ्यावर का चिडतात, हे मला फार उशिरा कळलं.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, मग थोडी थोडी परत आली. आमच्या लिफ्टमधून बाहेर पडलं की लॉबी लागते, आणि लॉबीतून आवारात उतरायला चार पायऱ्या. पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा एक रॅम्प आहे. बिल्डरने तो कशासाठी केला कोण जाणे, बहुतेक गॅसचे सिलिंडर चढवायला. बाबांनी तो वापरायला घेतला. सुरुवातीला मी वॉकर धरायचे. मग नुसतीच मागून चालायचे. मग मी लॉबीत थांबायचे आणि आई वरून खिडकीतून बघायची. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "कोणी येव नका." लिफ्टपासून गेटपर्यंत एकटे गेले. गेटपाशी बाकावर त्यांच्या वयाचे दोघे असतात. तिथे बसून वॉचमनचं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, त्यातल्या छपाईच्या चुका काढायच्या आणि सातच्या आत घरी यायचं. किल्ली खिशात असूनही ते बेल वाजवायचे, दोनदा. आईने दार उघडून बघावं म्हणून.

मी ज्यासाठी चिडले आहे ते एवढंच आहे. एका माणसाचं रोज लिफ्टपासून गेटपर्यंत एकट्याने जाणं.

आता सभेबद्दल. सप्टेंबरमधला रविवार होता, इमारतीखालच्या स्टिल्टमधल्या गाड्या हलवून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. नोटीस दहाची. दहाला कोणी येत नाही, कारण सगळ्यांना पुढचं माहीत असतं. दहाच्या ठोक्याला सेक्रेटरी रिकाम्या खुर्च्यांना सांगतात, की कोरम नसल्यामुळे सभा अर्धा तास तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग साडेदहानंतर लोक उतरतात, चप्पल ओढत. टेबलावर सामोसा आणि वेफर्सची पाकिटं, आणि पाकिटांशेजारी एक वही. सही करा, पाकीट घ्या. आमचं घर बाबांच्या आणि माझ्या नावावर आहे, म्हणून बाबांऐवजी मी गेले होते. सही केली, पाकीट घेतलं आणि मागच्या रांगेत बसून फोनवर लिहू लागले. काय लिहीत होते, ते सांगायला लाज वाटते. आरे कॉलनीतल्या एका पाड्यावरच्या मुलांना शाळेच्या वाटेवर दिवे हवेत, त्या मागणीचं पत्रक. समोर विषय पुकारले जात होते. "कोणाचा विरोध? नाही ना? पुढे." मी एका वाक्यात 'हक्क' हा शब्द दोनदा आलाय म्हणून एक काढत होते.

दसऱ्यानंतर रंगारी आला. आवारभर पिवळ्या रेघा मारून त्याने पार्किंगच्या जागा आखल्या. शेवटची जागा, सतरा नंबरची, रॅम्पच्या तोंडाशी. दुसऱ्या दिवशी तिथे राखाडी रंगाची गाडी उभी राहिली. बाबा वॉकर घेऊन रॅम्पच्या खालच्या टोकापर्यंत गेले, थोडा वेळ थांबले आणि परत फिरले. बेल एकदाच वाजली.

गाडी सी विंगमधल्या एका तरुणाची. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते.

"ताई, मला ही जागा चिठ्ठी काढून मिळालीय यार," तो म्हणाला. "मी काय मागून घेतली? तीन वर्षं रस्त्यावर लावतोय. दोनदा आरसा तोडला कोणीतरी."

"माझे वडील खाली उतरू शकत नाहीत."

त्याचा चेहरा खरंच पडला. "सॉरी ना. मी जरा सरकवून लावतो."

सरकवून त्याने दीड फूट जागा सोडली. वॉकरला दोन फूट लागतात. तो रोज न चुकता दीड फूट सोडायचा. मला वाईट माणसाशी भांडता येतं, त्याची सवय आहे. या दीड फुटी चांगुलपणाशी कसं भांडायचं, ते कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

मग मी सेक्रेटरींकडे गेले. निवृत्त गृहस्थ आहेत. नऊ वर्षं सेक्रेटरी आहेत, कारण दुसरं कोणी उभंच राहत नाही.

"काका, माझ्या वडिलांची वाट तुम्ही कोणाला विचारून देऊन टाकलीत?"

"सभेला विचारून. तू होतीस की. बस, चहा घे."

"चहा नको."

त्यांनी इतिवृत्ताचं रजिस्टर काढलं आणि चष्मा लावून वाचलं. बी विंगच्या प्रवेशद्वारालगतची मोकळी जागा चारचाकी पार्किंगसाठी वापरण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे.

"मोकळी जागा? तिथे रॅम्प आहे."

"कंत्राटदाराने मापं घेतली तेव्हा तिथे काही उभं नव्हतं. म्हणून मोकळी."

"आणि सर्वानुमते? आमच्या घरात कोणी विचारलं?"

"अगं, सर्वानुमते म्हणजे तसं काही नसतं. तो फॉर्मॅट आहे."

त्यांनी पानं उलटून दाखवली. लिफ्टची दुरुस्ती, सर्वानुमते. टाकी साफ करणं, सर्वानुमते. ए विंगमधले एक आजोबा वारले, त्यांच्या दुखवट्याचा ठराव, सर्वानुमते मंजूर.

"म्हणजे आजोबांच्या जाण्याला कोणाची हरकत नव्हती," मी म्हणाले.

काका हसले. मीही हसले, आणि त्याचा मला आणखी राग आला. मग त्यांनी रजिस्टरला टाचलेला एक कागद माझ्यापुढे सरकवला. "तू पत्रकं लिहिणारी मुलगी आहेस. मला वाटलं, तू वाचलं असशील."

सभेच्या वहीतलं सह्यांचं पान होतं ते. तेविसाव्या ओळीत माझी सही, सुवाच्य, खाली एक सरळ रेघ. बाबांनी शिकवली तशी.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते पलंगावर बसले होते.

"सही केलंस तेव्हा वर काय छापलेलां होतां?" त्यांनी विचारलं.

"नुसतं 'उपस्थिती'."

"आणि बाकी?"

"बाकी काही नव्हतं."

"म्हणजे कोऱ्या कागदार सही केलंस." एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "जगाला शहाणं करायला निघालीस ना गं."

त्या रात्री मी चार पानी पत्रक लिहिलं. दडपशाही, कारस्थान, मूठभरांची मनमानी. सकाळी बाबांनी ते मागितलं आणि उजव्या हातात लाल पेन घेतलं. "ह्यां काढ. ह्यां पण काढ. दडपशाही कोणी केल्यान? तुका कोणी धरून बसवलेल्यान?" चार पानांचं त्यांनी अर्धं पान केलं. उरलं ते असं: मी सभेच्या वहीत न वाचता सही केली. ठरावातली 'मोकळी जागा' म्हणजे माझ्या वडिलांचा चालायचा रॅम्प आहे. या ठरावाचा फेरविचार करण्यासाठी सभा बोलवायला सह्या हव्या आहेत.

"माझी चूक पहिल्याच ओळीत कशाला?"

"नायतर तुझ्यार कोण इस्वास ठेवतलो?"

मी दारोदार गेले. छत्तीस बिऱ्हाडं. सगळ्यांनी आत बोलावलं. बाबांची चौकशी केली, पाणी दिलं. "आम्ही तुझ्याच बाजूचे गं, पण सही नको. उगाच कशाला वाईटपणा." एकीने तर हात मागे घेतला, जणू पेनमधून विजेचा झटका बसणार होता. ही तीच माणसं, जी सामोशाच्या पाकिटासाठी रांगेत उभी राहून सही करतात. कोऱ्या कागदावर केलेल्या सहीची त्यांना भीती वाटत नाही. ज्या कागदावर स्पष्ट काहीतरी लिहिलंय, त्याची वाटते. माझ्याकडे आठ सह्या जमल्या. नियमाने बारा हव्या होत्या.

फेब्रुवारीत लिफ्ट बदलण्यासाठी विशेष सभा लागली. बाबा म्हणाले, "माका खाली ने." मी आणि वॉचमन त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलणार, तेवढ्यात राखाडी गाडीवाला धावत आला आणि त्याने मला बाजूला करून खुर्चीचा एक हात धरला. चार पायऱ्या उतरून वळताना खुर्चीचा पाय त्याच्याच गाडीच्या बंपरला लागला. त्याने खुर्ची सावरून धरली.

सभेतला पहिला विषय नेहमी एकच असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सेक्रेटरी म्हणाले, "सगळ्यांना कॉपी मिळालीय. वाचलं असं धरू या?"

"धरू या," खुर्च्यांतून आवाज आला. दरवर्षी येतो. मीही वर्षानुवर्षं त्या आवाजात आवाज मिसळलाय.

मी हात वर केला. "वाचा, काका."

"अगं, सात पानं आहेत. लिफ्टवाला थांबलाय."

"थांबू दे."

लोक कुरकुरले. कोणीतरी "झालं, वाट लागली रविवारची" म्हणालं. पण काकांनी वाचलं, हे मान्य करायला हवं. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते स्वतःचंच इतिवृत्त मोठ्याने वाचत होते, आणि तिसऱ्या पानापासून त्यांचा आवाज सावकाश झाला, कारण प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी तोच शब्द येत होता. दुखवट्याच्या ठरावाशी कोणीतरी खोकलं. मग बी विंगच्या प्रवेशद्वारालगतची मोकळी जागा आली.

"प्रुफात चूक आहे," बाबा म्हणाले. छापखान्यातल्यासारखी शुद्ध भाषा, जी ते घरी कधी बोलत नाहीत. "'मोकळी जागा' काढा, 'रॅम्प' घाला. आणि 'सर्वानुमते' काढा. मला कोणी विचारलेलं नाही."

सगळे मागे वळून बघायला लागले. बाबांकडे, आणि मग त्यांच्या पलीकडे उभ्या गाडीकडे. काकांनी पेन काढलं. दोन्ही शब्द खोडले, दुरुस्ती लिहिली आणि बाजूला सही केली. मग म्हणाले, "शब्द बदलले, साहेब. पण जागेचा निर्णय आजच्या विषयपत्रिकेवर नाही. तो आज घेता येणार नाही." नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. सगळं नेहमी नियमाप्रमाणे बरोबरच असतं. बाबांना आम्ही पुन्हा खुर्चीतून वर नेलं.

त्या दिवशी सभा संपताना आणखी तिघांनी सह्या केल्या. अकरा झाल्या. बारावीसाठी मी राखाडी गाडीवाल्याकडे गेले. "करेन ना ताई," तो म्हणाला, "पण मग माझी गाडी कुठे?" मी आवारातल्या जागा नजरेने मोजल्या, सतराच्या सतरा भरलेल्या. त्याने कागद ठेवून घेतला. "वाचून देतो," म्हणाला. या एका वाक्यावर मला चिडता आलं नाही.

गाडी अजून तिथेच आहे. बाबा खिडकीत बसतात.

आता तुमचं काम. तुमच्याकडे पुढची सभा लागेल तेव्हा साडेदहाला नाही, दहाला उतरा. सामोशाशेजारच्या वहीत सही करायच्या आधी पानाच्या वर काय लिहिलंय ते बघा. आणि 'वाचलं असं धरू या' असं कोणी म्हणालं, की बाकीचे कुरकुरले तरी हात वर करा आणि सांगा, धरू नका, वाचा.