पोहता येत असून बुडणारी

ग्वाल्हेरला आमच्या लष्कर भागात मुलींनी पोहायला शिकावं असं सगळ्यांचं मत होतं. पोहत राहावं असं कुणाचंच नव्हतं. विहिरीत पडली तर मरू नये, एवढ्यापुरतं पोहणं. आलं की बस्स, घरी. पोरं मात्र शिकल्यावरही म्हातारी होईपर्यंत जात.

कंपू नावाच्या मोहल्ल्याच्या बाजूला पायऱ्यांची एक बावडी होती. आमच्या मराठी घरांतली मुलं उन्हाळ्यात तिथं जमायची. फौजेतून परतलेले एक काका शिकवायचे. शिकवणी फुकट, थपडाही फुकट. सकाळी मुली आणि लहान पोरं, मग मोठी पोरं, संध्याकाळी बाप्ये.

काठावर बसायला मनाई नव्हती, म्हणून मी सगळी वयं पाहिली. पाच वर्षांच्याला भीती नसते, कारण अक्कल नसते. ढकललं की हसत वर येतो. आठव्या वर्षी अक्कल येते, आणि पोर काकांच्या गळ्याला घोरपडीसारखं चिकटतं. चौदाव्या वर्षी पोरगा कठड्यावरून उडी मारतो, पण कुणी बघत असेल तरच. म्हातारे पाण्यात उभे राहून दरबारातल्या भानगडी बोलतात आणि त्याला पोहणं म्हणतात.

शिकायची रीत ठरलेली होती. पाठीला आधी दोन वाळके भोपळे, मग एक, मग नुसती दोरी, मग काहीच नाही. शेजारची एक मुलगी फार हुशार. पहिल्याच उन्हाळ्यात तिचा भोपळा सुटला आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ती पोळ्या लाटत होती. ते पाहून मी ठरवलं, आपण मंद राहायचं.

तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची. एका भोपळ्यावर दोन उन्हाळे काढले. काकांची पाठ फिरली की आडवी पोहून यायचे. ते वळले की हातपाय झाडायचे, खोकायचे. काका कपाळाला हात लावत. "अगं, तुझ्या जागी म्हैस असती तर एव्हाना चंबळ पार करून आली असती!"

एक दिवस त्यांनी मला सुतळीला धरून वर ओढलं, तर भोपळा जड लागला. हलवला तर आत डुबडुब. घरी उंदरानं कुरतडून भोक पाडलं होतं, आणि आत काठोकाठ पाणी. काकांनी तो पायरीवर उपडा केला. पाणी संपेचना.

चिडले की ते हिंदीवर जात. "छोरी, ये तुझे तैरा रहा था, या तू इसे?"

बावडीभर हसू.

त्याच संध्याकाळी काका आमच्या घरी आले आणि कौतुकानं सांगून गेले, की पोरगी पट्टीची पोहणारी निघाली. एवढं वाईट माझं कुणी केलं नव्हतं.

"शिकली ना? मग झालं," वडील म्हणाले. "उद्यापासून घरात राहा."

आई तांदूळ निवडत होती. तिनं मानही वर केली नाही. "अन् धाकटीला कोण नेणार? तिला सातवं लागलं. तुम्ही कचेरी सोडून काठावर बसणार का?"

"तिथं काका आहेत ना."

"आहेत तर! परवा एका पोराला पाण्यात विसरून चहा प्यायला गेले होते."

हे तिनं तिथल्या तिथे रचलं होतं. वडील जरा घाबरले. "बरं. पण धाकटी शिकेपर्यंतच हं."

धाकटीनं घात केला. आठवडा झाला नाही तोच म्हणाली, "ताई, सोड ना, येतंय मला." आणि भोपळा काढून खरंच पलीकडे गेली, बेडकीसारखी. नशीब, काका वरच्या पायरीवर कुणाची तरी सुतळी बांधत होते. मी तिला कोपऱ्यात गाठलं.

"काकांना कळलं तर उद्यापासून तूही घरी, मीही घरी."

"मग?"

"मग बुड."

"कशी?"

"तोंड उघड आणि ओरड."

तिनं जरा विचार केला. मग अशी गटांगळी खाल्ली, असे डोळे फिरवले, की काका धोतरासकट पाण्यात आले. तिला खांद्यावर टाकून पायऱ्या चढताना मला दरडावून म्हणाले, "हिला घाई करू नकोस. कच्ची आहे पोर."

"हो काका," मी म्हणाले.

त्यांच्या पाठीमागून धाकटी मला जीभ दाखवत होती.