चोराची ड्यूटी

माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी आमचे शेजारी त्याच्या पिशवीकडे पाहत. स्टील प्लांटच्या गेटवर जन्मभर झडत्या घेतलेल्या माणसाचे डोळे रिटायर होत नाहीत, हे तुम्हीही पाहिलं असेल. स्मृति नगरात ते आमच्या समोर राहायला आले त्या दिवशी मी चहाचा थर्मास घेऊन गेलो, तर ‘जय भीम’च्या आधी “यात काय हाय जी?” आलं.

त्यांची बाग पाहून मात्र संशय आम्हालाच आला. ना गुलाब, ना लॉन. कासाचं गवत, वाळा, कळलावी, सोनटक्का, कोरांटी असा सगळा रानवट कारभार. एकदा लावलं की दरवर्षी आपलं आपण फुटणारं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “साप पाळतात की काय?”

“शिफ्ट लावली हाय मास्तर,” ते मला म्हणाले. “पावसात कळलावी, दसऱ्याले कास, थंडीत कोरांटी, मे मंधी लाल चेंडूची लिली. रिलीव्हर आल्याबिगर कोनी गेट सोडाचं नाई.”

चैत्रात मात्र बदलीला कोणीच नसे. म्हणून कासाच्या वाळक्या काड्या ते उभ्याच ठेवत. उन्हात त्या किती सुंदर दिसतात, हे त्यांनी हाताला धरून दाखवलं तेव्हा मला दिसलं.

हा सारा खटाटोप त्यांच्या बायकोसाठी, वहिनींसाठी होता. लांबलेल्या आजारातून त्या वाचल्या, पण खाट सोडायला तयार नव्हत्या. रोज चालल्या नाहीत तर पाय कायमचे जातील, असं डॉक्टर बजावत होते. पण नवरा हात धरायला गेला की त्या भिंतीकडे तोंड फिरवत. निदान खिडकीबाहेर बारा महिने काहीतरी पाहण्यासारखं असावं, एवढीच त्यांची धडपड.

एका चैत्रात काड्या तुटू लागल्या. झालं! पूजेची फुलं तोडणारे, दूधवाला, मी, अख्खी गल्ली चोर ठरली.

“फुलं नेली असती त समजलं असतं. वाळल्या काड्या कावून तोडून राहिले? यात काईतरी हाय,” ते म्हणाले आणि दुपारी घोरण्याचं सोंग घेऊन पडू लागले.

मग चौकशी एकदम थांबली. मला त्याचाच जास्त संशय आला. एका सकाळी पाहतो तर हे गृहस्थ नाल्यावरून वाळक्या काड्यांचा भारा आणून एकेक काडी मातीत खोचत होते. मेलेली झाडं कोणी लावतं का?

“चोर सापडला?” मी विचारलं.

त्यांनी मला फाटकाबाहेर ओढलं. “घरचीच हाय जी. मी झोपलो का भिंतीले धरून येते, कैची घेऊन. बिमार मानसाले वाळलेलं डोयापुढं नाई पायजे.”

“मग बोला ना वहिनींशी.”

“बोललो त पुन्हा खाटेवर बसन ना! रोज जराशी पुढं खोचून राहिलो. फाटकापर्यंत आनतो तिले.”

आणि आणलंच. दुपारी पडद्याआडून मी पाहायचो. पुढे कैची घेतलेल्या वहिनी, मागे दाराच्या फटीत श्वास रोखून उभे असलेले ते. संध्याकाळी त्या ऐकतील अशा आवाजात ते गल्लीला शिव्या घालत, “हरामखोर आज बी आला!” वहिनी पदराआड हसत. इतक्या संशयी माणसाला इतकी माया करता येते, हे मला तेव्हा कळलं.

पुढे काही वर्षं वहिनी चांगल्या हिंडल्याफिरल्या. मग एका थंडीत, कोरांटी भरात असताना, झोपेतच गेल्या.

त्यानंतरच्या चैत्रातही त्यांनी भारा आणला आणि खिडकीपासून फाटकापर्यंत काड्या खोचल्या. मी हटकलं नाही. आठवड्याभराने स्वतःच मला बोलावून म्हणाले, “पाहा बरं मास्तर, एक बी तुटली नाई.” मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याच उन्हाळ्यात मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. सामान गाडीत चढलं, घराला कुलूप लागलं. मुलगा फाटक ओढून घ्यायला गेला तर त्यांनी त्याचा हात धरला.

“राहू दे उघडं,” म्हणाले, आणि मागे न पाहता गाडीत बसले.