आजची ओहोटी सगळ्यांना

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ कशालाही "होईल हो" म्हणतात. नळाला पाणी नसो की वीज गेलेली असो, उत्तर तेच. कधीकधी रागही येतो. त्यांचं दार दिवसभर उघडं असतं, आणि आलेल्याच्या हातात कोकम सरबत दिल्याशिवाय ते "काय काम काढलंत?" असं विचारत नाहीत.

त्यांनी भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं ॲप केलं. ॲप स्टोअरने ते परत पाठवलं, त्या दिवशी जिन्यात त्यांच्या तोंडून "होईल हो" आलं नाही. मला काळजीच वाटली.

"वर्गणी भरल्याशिवाय आत काही दिसतच नाही म्हणतात," मोबाइल पुढे करत ते म्हणाले. "वर्गणीत काय मिळणार ते आधी स्पष्ट सांगा, असा नियम आहे."

मी ॲप उघडलं. पहिल्याच पडद्यावर 'वर्गणी भरा', बाकी काही नाही.

"अहो, घरी कुणाला असं दारात अडवता का तुम्ही?"

ते हातातली पिशवी सावरत वर गेले.

परवा त्यांनी वरून हाक मारली. ॲप मंजूर झालं होतं. महिनाभराच्या वेळा वर्गणीदारांना, पण आजची ओहोटी सगळ्यांना. वर्गणी बंद करायचं बटणही तिथेच, समोर.

"आरे-वारेच्या किनाऱ्यावर ओहोटीला खडकांवरची कालवं काढणाऱ्या बायकांना आजचीच वेळ लागते," ते म्हणाले.

"मग वर्गणी कोण भरणार?"

"होईल हो," म्हणत त्यांनी माझ्यापुढे सरबत ठेवलं.